रोबोटला सुतक नसतं

माझ्या पडवीत रोबोट येणार हे मला सगळ्यात शेवटी कळलं. माझ्या बायकोनं शाळेच्या बाईंना परस्पर शब्द देऊन टाकला होता.

शाळेच्या ज्या खोलीत पोरं सराव करायची तिचं छप्पर गळायला लागलं होतं. बाई गावात सपाट जमीन शोधत फिरत होत्या. आमची पडवी मोठी, खाली शहाबादी फरशी. होडीची मशीनं दुरुस्त करायचं माझं काम तिथंच चालायचं. पुढं गुडघे गेले, काम बंद पडलं, माझे नट-बोल्टचे पाने पेटीत गेले आणि पडवीत बायको सुकट निवडत बसायला लागली. बाई आल्या, खाली बसल्या, फरशीवर हाताचा पंजा टेकवला आणि म्हणाल्या, "किती सपाट आहे हो!" एवढ्यावर बायको फुलली.

"येऊ द्या पोरांना," ती म्हणाली.

मी आतून ओरडलो, "आनि माझ्या सामानाची वाट लागली म्हंजे?"

"तुमचं सामान गंज खात पडलंय. पोरं काय गंज खायला येनार हायत?"

असं तिचं बोलणं. 

पावसाळा सरायच्या आत ती गेली. ताप होता, अलिबागला नेली, तिथंच संपलं. त्याबद्दल मी लिहिणार नाही, मला जमणारही नाही. तेरावं झालं, पाहुणे पांगले. दुसऱ्या दिवशी सकाळी पायरीवर चार पोरं उभी, हातात एक खोका. मला वाटलं भेटायला आलीत. त्यातली उंच पोरगी म्हणाली, "आजोबा, आजींनी सांगितलेलं, पाऊस संपला की या."

मला माणूस नको होतं दारात. पण बायकोनं दिलेला शब्द मी कसा मोडू? बाजूला सरलो. पोरं आत आली, चपला ओळीत काढल्या. ओळीत काढायलाही तिनंच शिकवलं असणार.

चौघांची ओळख करून देतो, नावं नाही सांगत. उंच पोरगी ती मोठी, आतल्या भातशेतीच्या गावातून रिक्षानं यायची, तोंडानं फटकळ. चष्मेवाला एकच मुलगा, तो लॅपटॉपवर रोबोटचा प्रोग्राम लिहायचा आणि जरा काही बिघडलं की त्याचे डोळे भरायचे. तिसरी गप्प. तिचे अब्बा दुबईला, ती बोलायची कमी आणि तिची बोटं सारखी चालायची. रोबोट जोडणं, सोडवणं सगळं तिच्याकडं. चौथी सगळ्यात लहान, आमच्याच आळीतल्या तांडेलाची, म्हणजे होडी चालवणाऱ्याची पोर. बापाचं मशीन माझ्याकडं यायचं तेव्हा ही मागं मागं यायची आणि माझ्या बायकोच्या पदराला धरून हिंडायची. तिचं काम वेळ सांगायचं. "चला" आणि "थांबा" एवढंच, पण गाव ऐकेल असं.

बाईंचे दिवस भरत आले होते. माहेरी जायच्या आधी त्या येऊन बसल्या. "आजोबा, टीमबरोबर एक मोठं माणूस लागतं. त्याला कोच म्हणतात. तुमचं नाव देते."

"बाई, मी चौथी पास. तीपन मास्तरांनी ढकलली म्हनून."

"तुम्हाला काही करायचं नाहीये. रोबोटला हात लावायचा नाही, पोरांना उत्तर सांगायचं नाही. एवढंच कोचचं काम."

"उत्तर मला येतंय कुठं सांगायला!"

"मग तुमच्यासारखा कोच शोधून सापडायचा नाही," बाई म्हणाल्या आणि पोरं खिदळली.

मग बाईंनी खरी गोष्ट सांगितली. हा रोबोट शाळेचा नव्हता. एका संस्थेनं वर्षभरासाठी वापरायला दिला होता. मुंबईत स्पर्धा व्हायची होती. तिथं रोबोटनं सगळी फेरी आपली आपण पूर्ण केली तर तो पुढंही शाळेकडंच राहणार. नाही केली तर दुसऱ्या शाळेला जाणार. "नंबर नाही आला तरी चालेल," बाई म्हणाल्या, "पण फेरी पूर्ण झाली पाहिजे." पोरांचे चेहरे एकदम मोठ्या माणसांसारखे झाले. लहानीनं खोक्यावर हात ठेवला, कोणी आत्ताच घेऊन चाललंय असा.

मी तेव्हा म्हटलं, जाऊ दे गेला तर. खेळणंच ते. खरं सांगतो, असंच म्हटलं मनात.

मग त्यांनी जमिनीवर फ्लेक्स अंथरला. पांढरा, त्यावर तीन बोटं रुंदीची काळी रेघ, वळणं घेत गेलेली. एका टोकाला लाल चौकोन. तिथं रोबोटनं थांबायचं, समोरचा ठोकळा चिमट्यात उचलायचा, वळायचं आणि त्याच रेघेवरून घरी आणायचा. घर म्हणजे हिरवा चौकोन. रोबोट माझ्या वितीएवढा. दोन चाकं, पाठीवर बॅटरी, पुढं चिमटा आणि पोटाखाली एक डोळा. त्याला सेन्सर म्हणतात. तो डोळा फक्त खाली बघतो.

"चला!" लहानी ओरडली.

तो निघाला.

मी आयुष्यभर मशीनं फिरताना बघितली. पण मशीन फिरतं, जातं कुठं ते माणूस ठरवतो. सुकाणूवर माणसाचा हात असतो. इथं कोणाचाही हात नव्हता. तो जरा उजवीकडं जायचा, पांढरं लागलं की चपापल्यासारखा डावीकडं यायचा, काळं सापडलं की पुढं. असा झोकांड्या खात वळणं काढत गेला, लालवर थांबला, ठोकळा उचलला. माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

"त्याला कसं कळतं कुठं जायचं?" मी विचारलं.

"नाही कळत, आजोबा," चष्मेवाला म्हणाला. "त्याला खाली काळं आहे की पांढरं तेवढंच कळतं."

"आनि पुढं वळन हाय ते?"

"ते वळण आलं की कळतं."

आम्ही समुद्रातून परत येताना कोर्लईचा डोंगर आणि किनाऱ्यावरचा एक उंच माड एका ओळीत धरतो. दुरून खूण दिसते म्हणून जिवात जीव असतो. याला पुढचं बोटभर दिसत नाही, मागचं आठवत नाही, तरी तो घरी येतो. मी आत गेलो आणि उगाच पाणी प्यायलो. बायकोला हाक मारून दाखवावंसं वाटलं, म्हणून आत गेलो होतो.

त्या दिवसापासून जाऊ दे गेला तर, हे माझ्या मनातून गेलं.

सराव म्हणजे नुसता बिघाड. दमट हवेनं फ्लेक्सची टोकं वर वळायची आणि रोबोट तिथं अडखळून बसायचा. मी जाळ्याला बांधायची शिशाची वजनं आणून टोकांवर ठेवली. मग छपरातल्या काचेच्या कौलातून उन्हाची पट्टी सरकत सरकत नेमकी रेघेवर यायची आणि रोबोट त्या पट्टीत शिरला की वेडा व्हायचा. पोरं म्हणाली, वरून काहीतरी झाकायला हवं. बायकोची एक काळी ताडपत्री होती. ढग आले की ती धावत जाऊन वाळत घातलेल्या मासळीवर टाकायची. कडा फाटल्या तेव्हा तिनं जाळ्याच्या दोऱ्यानं चारी बाजू शिवून घेतल्या होत्या. ती काढून दिली.

"शी! काय वास!" चष्मेवाला नाक दाबून म्हणाला.

"रोबोटला नाक लावलं नाही तेच बरं," मोठी म्हणाली. "नाहीतर रेघ सोडून पळाला असता."

माझ्या हाताची एक सवय मात्र पोरांनी मोडली. खाऱ्या हवेत धातू उघडा ठेवायचा नाही, तेलाचा हात फिरवायचा, हे आमच्या रक्तात. रोबोट दिसला की माझा हात तेलकट फडक्याकडं जायचा आणि चौघं एका सुरात ओरडायची, "आजोबा, तेल नाही!" मी हात मागं घ्यायचो. कोच ना मी.

पण मी थक्क झालो ते पोरांच्या रीतीनं. मशीन बंद पडलं की आम्ही काय करायचो? होडी डोलतेय, वर आभाळ भरलंय, खलाशी शिव्या देतायत. पाईप काढ, फिल्टर झटक, इथं ठोक, तिथं आवळ, सगळं एकदम. चालू झालं की देवाला हात जोडायचे. कशानं चालू झालं ते देवाला माहीत. ही पोरं एका वेळी एकच गोष्ट बदलायची. चाक बदललं तर बाकी काही हलवायचं नाही. पुन्हा तीच फेरी. नाही झालं, तर चाक परत पहिल्यासारखं आणि मग बॅटरी. एकदा मला राहवलं नाही.

"अरे, चाक आनि बॅटरी दोनी बदला ना एकदम. येळ कशाला घालवता?"

"मग काय चुकलं होतं ते कसं कळणार?" गप्प पोरगी म्हणाली. तिचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकला.

या वयात इतका धीर यांनी कुठून आणला? चुकलं तर वाईट वाटायच्या आधी त्यांना नवल वाटायचं. चष्मेवाल्याचे डोळे भरायचे ते सोडा, पण तोही भरल्या डोळ्यांनी लॅपटॉपवर बोटं चालवतच असायचा.

स्पर्धा दसऱ्यानंतर होती. खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्यात अवजारांची पूजा. घरातलं एकूण एक हत्यार माझी बायको पुजायची. पाने, हातोडा, जाळं विणायची सुई, विळी, मिक्सर, टॉर्चसुद्धा. तिची एक पद्धत होती, ती सांगायची म्हणून मला ठाऊक. आधी खोबरेल तेलाचं बोट लावायचं, मग त्यावर कुंकू. समुद्राच्या वाऱ्यानं उडून जाऊ नये म्हणून. आळीत दुसरं कोणी असं करत नाही. तिला कोणी शिकवलं मला माहीत नाही.

माणूस गेलं की आमच्यात वर्षभर सण करत नाहीत, त्यालाही सुतकच म्हणतात. आदल्या दिवशी लहानीनं विचारलं, "आजोबा, उद्या पूजा कधी?"

"यंदा न्हाय. सुतकाचं घर हाय."

"आणि रोबोटची?"

"न्हाय म्हटलं ना एकदा!"

जरा जोरातच बोललो. 

खंडेनवमीला मी सकाळीच बंदरावर जाऊन बसलो. तिथंही प्रत्येक होडीला झेंडूच्या माळा, म्हणून परत फिरलो. घरी आलो तर पोरं सराव करत होती, रोबोट तसाच, ना फूल ना काही. बरं वाटलं आणि बरं नाहीही वाटलं. पाने पेटीत होते. पेटी उघडली नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रोबोट आंधळा झाला.

सुरुवातीला नुसता रेघेवरून घसरायचा. मग जागच्या जागी गोल फिरायला लागला. खाली काळं काय आणि पांढरं काय, त्याला सगळं एकच. पोरांनी बॅटरी बदलली. नाही. चाकं पुसली. नाही. फ्लेक्स पुसला, ताडपत्री दुहेरी केली, दुपारच्या ऐवजी सकाळी चालवून बघितला. नाही. चष्मेवाल्यानं सगळा प्रोग्राम काढून जुना घातला, जो पहिल्या दिवशी बरोबर चालला होता. तरी नाही. बाईंना फोन लावला. त्यांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या, त्याही करून झाल्या. बाई म्हणाल्या, डोळाच गेला असेल तर नवीन यायला स्पर्धा होऊन जाईल.

मोठी पायरीवर जाऊन बसली.  चष्मेवाला उघड रडला. लहानी कोपऱ्यात भिंतीला टेकून उभी. तिनं "चला" म्हणायचंसुद्धा सोडलं होतं. मला वाटत होतं की खारी हवाच लागली, मी लपूनछपून तेलाचा हात फिरवायला हवा होता. आणि मग पोरं यायची बंद होतील, पडवी पुन्हा सुकटीची होईल, सुकट निवडणारंही कोणी नाही, हे सगळं एकदम डोळ्यापुढं आलं.

गप्प पोरगी तेवढी जागची हलली नव्हती. ती फ्लेक्सवर पालथी झोपली. गाल जमिनीला लावला, दुपट्टा बाजूला केला आणि रेघेच्या जागेवरून, खालून वर, रोबोटच्या पोटाकडं बघायला लागली. खूप वेळ बघत होती.

"आजोबा, टॉर्च द्या."

मी टॉर्च दिला. तिनं प्रकाश टाकला.

"याचा डोळा लाल झालाय."

सगळे पालथे पडलो. मीही, गुडघे कुरकुरले तरी. खरंच, पोटाखालच्या त्या काचेवर लालसर तवंग होता. तिनं बोट लावलं. तेलकट. वास घेतला.

"खोबऱ्याचं तेल," ती म्हणाली.

तिघांनी माझ्याकडं बघितलं. "मी न्हाय!" मी म्हटलं. "आईशप्पथ, मी हात लावला न्हाय!"

गप्प पोरीनं वरची बॅटरी काढली आणि तिच्याखालचं झाकण उघडलं. आत, कोणाला दिसणार नाही अशा जागी, डोळ्याच्या बरोब्बर वर, कुंकवाचा टिळा होता. तेलाच्या बोटावर लावलेला. बॅटरीच्या उबेनं तेल पातळ होऊन भोकांतून ओघळत खाली उतरलं होतं, कुंकू घेऊन.

कोपऱ्यातून हुंदका आला.

"तुम्ही म्हणालेलात तुमच्या घरात सुतक आहे," लहानी रडत रडत म्हणाली. "रोबोट तुमचा कुठं आहे? तो शाळेचा आहे. रोबोटला सुतक नसतं. पण तुम्हाला दिसलं तर वाईट वाटेल म्हणून आत लावलं."

"आनि तेल?"

"आधी तेलाचं बोट, मग कुंकू. आजीनं शिकवलं. गेल्या वर्षी सगळे पाने मीच पुजलेले."

 घरात हत्यारं पुजताना मी कधी बघत बसलो नव्हतो. ती तिचं करायची, मी माझं. तिची ती तेलाची रीत या पोरीच्या बोटात राहिली होती, आणि ती माझ्या सुतकाला वळसा घालून रोबोटच्या पोटात जाऊन बसली होती.

मोठी उसळली. "अगं येडे! डोळ्यावर तेल! तुला काही अक्कल?"

"तिला बोलू नको," मी म्हटलं. कोच म्हणून मी काढलेला तो पहिला हुकूम. "पुसा. काय करायचं ते करा."

फोनवर बाई आधी पोट धरून हसल्या, मग म्हणाल्या थेंबभर स्पिरिट घ्या, जास्त नाही. गप्प पोरीनं डोळा सोडवला. माझ्या केरसुणीतला एक हीर काढला, त्याच्या टोकाला कापूस गुंडाळला आणि पुसायला लागली. आम्ही चौघं कापसाकडं बघत. प्रत्येक वेळी कापूस थोडा कमी लाल यायचा. शेवटी पांढरा आला. टिळा पुसायच्या आधी ती लहानीकडं बघून म्हणाली, "सॉरी हां." लहानीनं मान हलवली.

"चला," मीच म्हणालो, कारण लहानीचा आवाज बसला होता.

रोबोट निघाला, डुलत डुलत, काळं, पांढरं, काळं, आणि घरी आला. मोठीनं लहानीला उचलून गरागरा फिरवलं. मघाशी येडी म्हणणारी हीच.

स्पर्धेला जायचं तर मांडव्याहून लाँच. समुद्राचे खारे तुषार रोबोटवर उडाले तर पुन्हा पहिले पाढे. मी म्हटलं, आपल्याकडं वस्तू कोरडी नेता येईल असा एकच खोका असतो. मासळीचा थर्माकोलचा खोका आणला, तीन वेळा धुतला, त्यात ताडपत्री आणि ताडपत्रीत रोबोट. मुंबईच्या त्या हॉलमध्ये बाकीच्या पोरांकडं कुलपाच्या काळ्या पेट्या. आमच्या टेबलाशी एक परीक्षक बाई आल्या, वाकल्या, नाकाला हात लावला.

"हे काय आणलंय?"

"रोबोट," मोठी म्हणाली. "आधी बांगडे होते."

प्रत्येक टीमला दोन संधी होत्या. मैदानाभोवती पट्टी लावलेली, कोचनं पट्टीच्या बाहेर उभं राहायचं. माझ्या गळ्यात कोचचं कार्ड. मी दोन्ही हात पाठीमागं बांधून उभा राहिलो.

पहिल्या फेरीत रोबोट दुसऱ्याच वळणावर भरकटला आणि पट्टीबाहेर माझ्या पायाशी येऊन अडला. मी त्याला उचलायचंही नव्हतं. तो माझ्या चपलेला धडका देत होता, मी बघत होतो.

एकच संधी राहिली. मध्ये थोडा वेळ दिलेला. चष्मेवाल्याचे डोळे भरले. मोठीनं माझ्याकडं बघितलं. मला काही सुचत नव्हतं, आणि सुचलं असतं तरी बोलायची परवानगी नव्हती. मी नुसती मान हलवली. त्या मान हलवण्याला काही अर्थ नव्हता. पण तिनं तो घेतला, वळली आणि म्हणाली, "एका वेळी एकच. आधी काय?"

गप्प पोरगी सगळ्या हॉलसमोर जमिनीवर पालथी पडली. मोठमोठ्या शहाण्या पोरांनी बघितलं, कोणी हसलंही. तिला पर्वा नव्हती. उठून म्हणाली, "वरचे दिवे फ्लेक्समध्ये चमकतात. काळी रेघ पांढरी दिसते त्याला. डोळ्याभोवती झालर लावायला हवी, काळी."

चौघांचे डोळे एकदम ताडपत्रीकडं गेले. मग माझ्याकडं. मोठीनं परीक्षक बाईंना आधी विचारून घेतलं, असं लावलेलं चालतं का. चालतं म्हणाल्या. मग पट्टीजवळ येऊन तिनं हळू विचारलं, "आजोबा, थोडीशी कापू?"

कापायची तर बायकोनं शिवलेल्या कडेनंच कापावी लागणार होती. मधे मासळीनं पातळ झालेली, कडेलाच ती जाड होती.

"काप," मी म्हटलं.

गप्प पोरीनं कात्रीनं ताडपत्रीची पट्टी कापली, दोऱ्यासकट, आणि रोबोटच्या पोटाशी डोळ्याभोवती चिकटवली. चष्मेवाल्यानं त्याला पुन्हा काळं दाखवलं, पांढरं दाखवलं. दुसरं काही बदललं नाही.

"चला!" लहानीचा आवाज हॉलच्या छपराला लागला. तिचा आवाज परत आला होता.

तो निघाला. पोटाशी ती झालर फरफटत होती, म्हणून हळू चालला होता. बाजूच्या टीमचा रोबोट कधीच परत आला. आमचा पहिल्या वळणाशी थबकला, शोधल्यासारखं केलं, वळला. दुसऱ्या वळणावर, जिथं भरकटला होता तिथं, तो थरथरला. मी डोळे मिटणार होतो, मिटले नाहीत. काळं. पांढरं. काळं. गेला पुढं. लालवर थांबला. चिमटा उघडला, ठोकळा धरला, उचलला. परत फिरला. कुठं जायचंय हे त्याला ठाऊक नाही, हे मला ठाऊक होतं, आणि तरी तो येत होता, बोटबोटभर, येतच होता. शेवटच्या हातभर अंतरावर माझे हात पाठीमागून कधी सुटले मला कळलं नाही. हिरव्या चौकोनात येऊन त्यानं ठोकळा खाली ठेवला, एखादी बाई भरलेली घागर ठेवते तसा, सांभाळून.

मी खुर्ची मागितली. कोणीतरी दिली.

नंबर आला नाही. आमच्याहून वेगात जाणारे खूप होते. पण संस्थेचे लोक टेबलाशी आले, झालर बघितली, हात लावून बघितली आणि म्हणाले, फेरी पूर्ण झाली, रोबोट तुमच्याकडंच राहील. बाईंना फोन लावला तर पलीकडून तान्ह्या बाळाचा आवाज. आम्ही त्यांचं आणि त्यांनी आमचं अभिनंदन एकदमच केलं.

परतीच्या लाँचवर मोठी आणि चष्मेवाला कठड्याशी उभे राहून पाण्यात दिसलेल्या माशावरून भांडत होते. गप्प पोरगी खोक्यावर डोकं टेकून झोपली होती, तशीच, वासासकट. लहानी माझ्या बाजूला येऊन बसली. मांडव्याचा धक्का लांबून दिसायला लागला होता.

"आजोबा, पुढच्या खंडेनवमीला तरी पूजा करायची ना?"

"करू."

"रोबोटची पण?"

"त्याची पन. पुढल्या वर्षी हाय तो आपल्यात."

"पण कुंकू बाहेर लावायचं. पाठीवर." तिनं स्वतःच ठरवलं. मग विचारलं, "आणि तेल?"



"रोबोटला तेल नको," मी म्हटलं. "पान्यांना लावू. पन ते बोट कसं लावायचं ते तू मला दाखव. तिनं मला कधी दाखवलं न्हाय."

"तुम्ही कधी बघितलं नाही?"

"न्हाय."

तिनं माझा हात ओढून घेतला, अनामिका बाजूला काढली आणि माझ्याच दुसऱ्या तळहातावर टेकवली. "एवढंच. दाबायचं नाही."

दुसऱ्या दिवशी पोरं येण्याआधी मी पाने पेटीतून बाहेर काढून फरशीवर मांडून ठेवले. सण नव्हता. नुसते मांडले. गंज चढला होता, तो पुसायला घेतला.